रंगाचे आप्पे

२८ एप्रिल, सोमवार

वितळले! गॅस नाही, काडी नाही, नुसत्या उन्हात!

बाराच्या सुमाराला आप्पेपात्र घेऊन गच्चीवर गेले. सासूबाईंच्या वेळचं, लोखंडी, काळंकुट्ट. प्रत्येक खळग्यात तेलाचं बोट फिरवलं, मेणखडूंचे तुकडे भरले आणि वरून ह्यांच्या जुन्या फ्रेमची काच ठेवली. खाली येऊन भात लावला. परत जाऊन बघते तर तुकडे खाली बसलेले, कडेने पाणी सुटल्यासारखे. अजून थोडा वेळ – आणि खळगा भरून रंग! मुलं काचेला नाक लावायला बघत होती. ओरडले, नाक भाजेल म्हणून.

अथर्व म्हणाला, "आजी, सोलापूरचं ऊन कामाला आलं एकदाचं!"

परीक्षा संपल्या, दप्तरं रिकामी झाली आणि खालच्या कचऱ्याच्या डब्यात खडूच खडू. अर्धे, पाव, नखाएवढे. काही चावलेले. मला बघवलं नाही. उचलून आणले. मी सातवी शिकलेली. बाकीचं सगळं लग्नानंतर आपलं आपण वाचून. कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की मेणबत्तीचं मेण वितळवून परत वापरता येतं. मग खडू तरी दुसरं काय आहे?

तीन मुलं आली. शकुंतलाबाईंची नात उर्वी, तिसऱ्या मजल्यावरचा अथर्व आणि आमच्या बिल्डिंगचा वॉचमन जोतिराम, त्याची पूनम. पूनमकडे आणायला तुकडे नव्हते. पण पाण्यात भिजवून खडूवरचा कागद सोडवावा तर तिनेच. तिघांत चौथी मी. वाळलेली स्केचपेनंही बाटल्यांत बुडवून ठेवलीत. निळं पाणी आत्ताच सुटलंय.

आप्पे निवून टुणकन बाहेर पडले. मुलांनी नावच ठेवलं – रंगाचे आप्पे. खूप दिवसांनी पाठ दुखली आणि बरं वाटलं.

३० एप्रिल

अक्षय तृतीया. ह्यांच्या नावाने पाण्याने भरलेला कऱ्हा दान दिला. आंब्याचा रस केला. एकटीपुरता केला तरी हात कोपरापर्यंत बरबटतातच.

दुपारी ह्यांचा ड्रॉवर उघडला. शाळेत ड्रॉइंगचे मास्तर. मुलांनी वर्गात टाकलेले तुकडे खिशात घालून घरी आणायचे. एकदा न बघता शर्ट भिजवला आणि सगळे कपडे पिवळे! केवढी भांडले होते. हे म्हणाले, "पिवळा चांगला रंग आहे." बस, एवढंच म्हणाले.

जाऊन आता श्रावणात दोन वर्षं होतील. ड्रॉवरमधलं सगळं मुलांना दिलं. थोडा वेळ ड्रॉवर उघडाच ठेवला, मग लावून टाकला.

१ मे

मुलांना नियम घालून दिला. प्रत्येकाने एकेक खास आप्पा करायचा, आपल्या मनाचा रंग. सगळे आप्पे जिन्यावरच्या खोलीत बुटाच्या खोक्यात ठेवायचे. अकरा तारखेला, रविवारी, गच्चीवर सगळ्यांनी फक्त ह्याच रंगांनी चित्रं काढायची. तोवर कुणी हात लावायचा नाही. "कुणी म्हणजे कुणीही नाही!" असं बोट नाचवून म्हणाले.

अथर्वने सगळे रंग एकत्र ओतले. शेणासारखा झाला. "आजी, हा मातीसाठी ठेवतो," म्हणाला. पोरगं हुशार, हार मानत नाही. पूनमचा हिरवा, करडईच्या पाल्यासारखा.

आणि उर्वीचा! काय झालं कोण जाणे. जांभळा, त्यात लाल, त्यात ह्यांच्या ड्रॉवरमधला विटकरी तुकडा. पूर्ण ढवळलाच नाही तिने, कंटाळा आला. निवून बाहेर आला तो अंजिरी. मधून एक विटकरी शीर गेलेली, पोटातला दिवा बाहेर दिसावा तशी. पूनम म्हणाली, "लई भारी झालाय की गं." उर्वी म्हणाली, "हात नाही लावायचा हं!"

मीही हात मागे घेतला.

२ मे

आज एक गोष्ट केली. लिहीत नाही.

३ मे, शनिवार

लिहिते. इथे नाही लिहायचं तर कुठे?

काल दुपारी कुरडया उलटायला गच्चीवर गेले. चिटपाखरू नव्हतं. जिन्यावरच्या खोलीत जाऊन खोक्याचं झाकण उघडलं. बघायला म्हणून. उर्वीचा आप्पा हातात घेतला. हाताच्या उष्णतेने तो जरा नरम पडला, बोटाला रंग लागला. मग मी तो कनवटीला लावला आणि खाली आले. जिना उतरताना दोन-दोन पायऱ्या एकदम उतरले. ह्या वयात!

दार लावून घेतलं. कॅलेंडरचं मार्चचं पान फाडलं, मागची कोरी बाजू घेतली. आयुष्यात कधी चित्र काढलं नाही. ह्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना शिकवलं. मला कधी "काढ" म्हणाले नाहीत आणि मी कधी "शिकवा" म्हणाले नाही. एक रेघ ओढली. मग तांब्या काढला. तांब्या कसला, भोपळा झाला. पण ती रेघ! कागदावर रंग सोडत जाते, आणि थांबवेपर्यंत थांबत नाही. दोन तास कसे गेले कळलं नाही.

ठरवलं होतं, संध्याकाळी परत ठेवायचा. गेले तर गच्चीवर बायका गार वाऱ्याला बसलेल्या. म्हटलं, सकाळी ठेवू.

सकाळी मुलं माझ्याआधी पोचली.

उर्वी रडत खाली आली. "आजी, माझा आप्पा नाही!" मी काय केलं? मी म्हणाले, "असेल गं, शोधू या." आणि शोधला! पाण्याच्या टाकीखाली वाकून शोधला. खराट्याने कोपरे झाडले. अथर्वला म्हणाले, "उंदराने नेला असेल." आणि तो माझ्या कपाटात, साड्यांखाली, रुमालात गुंडाळलेला.

अथर्व म्हणाला, "काल पूनम आली होती वर." ती येतेच. टाकी भरली का बघायला जोतिराम तिलाच पाठवतो. पूनम म्हणाली, "म्या न्हाय घेतला." उर्वीने तिच्याकडे बघितलं. मी कुरडयांकडे बघत होते.

५ मे

आजचंही लिहिते.

शकुंतलाबाई संध्याकाळी गच्चीवर आल्या. त्यांचं माहेर अक्कलकोटचं. जुन्या गोष्टी रंगवून सांगायची हौस. उर्वीचं रडगाणं ऐकून म्हणाल्या, "अगं, आमची आजी चोर कसा धरायची माहीत आहे? स्वामींचं नाव घेऊन सगळ्यांना चिमूटभर तांदूळ चावायला द्यायची. मग थुंकायचं. खऱ्याचा तांदूळ ओला. चोराचं तोंड भीतीनं सुकतं, त्याचा कोरडा!"

मुलं नाचायलाच लागली. खेळ, खेळ! शकुंतलाबाई माझ्याकडे वळून हसल्या. "मास्तरीणबाई, तुमच्याकडचे आणा हो मूठभर. आमच्याकडे सगळा बासमती. चोरासाठी कोण काढतंय?"

मी खाली गेले. डबा उघडला. कोलम. वाटीत घेतला आणि वर घेऊन गेले. कुणी ढकलत नव्हतं मला. माझ्या पायांनी गेले. आणि माझ्या हाताने एकेकाच्या तळव्यावर चिमूट ठेवली. पूनमच्या तळव्यावरसुद्धा. तळवा भिजलेला होता. घाम.

अथर्व भराभर चावून थुंकला – लगदा. "मी सुटलो!" उर्वीचाही लगदा. पूनम चावतच राहिली, चावतच राहिली. अथर्व ओरडला, "अगं, थुंक की आता!" तिने ओंजळीत थुंकलं.

पीठ. कोरडं पांढरं पीठ. ओठांना चिकटलेलं.

"कोरडा! कोरडा!" उर्वी आणि अथर्व दोघेही ओरडले. आणि शकुंतलाबाईंचं हसू गेलं. खेळ म्हणून काढला होता, पण त्यांचाच विश्वास बसला. म्हणाल्या, "बाळ, कुठं ठेवलाय सांग. कुणी मारणार नाही तुला." पूनमने मान हलवली. बोलायला गेली तर ठसका लागला, तोंडातलं पीठ उडालं. मी तिला पाणी दिलं. पाणी! एवढंच दिलं.

मला कुणी तांदूळ दिला नाही. मागायला हवा होता मी. "मलाही द्या," एवढं म्हणायचं होतं.

६ मे

सकाळी चहाच्या आधी, मीच डब्यातून चिमूट घेतली आणि चावली. मोरीत थुंकले.

ओला. चांगला लगदा.

डबा जागेवर ठेवताना हातातून सुटला. सगळ्या ओट्यावर तांदूळ. वेचत बसले.

का सांगत नाही मी? स्वतःलाच विचारलं. म्हातारी बाई पोरींचे रंग चोरते, हे बोलायला जीभ रेटत नाही. दुसरं असं की, एक सोपी पळवाट आहे आणि तिची मला भीती वाटते. त्यात ह्यांच्या ड्रॉवरमधला तुकडा होता. "ह्यांची आठवण म्हणून घेतला हो" – एवढं म्हटलं की संपलं. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. कुणीतरी मला जवळ घेईल.

पण ते खरं नाही. आठवण म्हणून नाही घेतला. ह्यांची आठवण त्या वेळी मनातही नव्हती. मला तो रंग हवा होता. मलाच, माझ्यासाठी. त्यांना पुढे करून सुटले तर ती दुसरी चोरी होईल.

८ मे

पूनम परवापासून वर येत नाही. केराबाई, तिची आई, दोन घरची भांडी करते. त्यातलं एक शकुंतलाबाईंचं. आजपासून येऊ नका म्हणून सांगितलं म्हणे. जिन्यात भेटली. रोज "काय काकू, जेवला का?" विचारते. आज पदर सावरून भिंतीला लागून निघून गेली.

शकुंतलाबाईंचा मुलगा सिद्धेश्वर, उर्वीचा बाप, सोसायटीचा सेक्रेटरी आहे. खाली मोटारसायकल लावताना जोतिरामला म्हणत होता ते खिडकीतून ऐकू आलं. "गोष्ट खडूची नाही रे. आज खडू, उद्या कुणाच्या घरातलं काही गेलं तर मी कुणाला विचारू? रविवारपर्यंत काय ते बघ. नाहीतर महिना भरला की दुसरा वॉचमन बघतो."

जोतिराम म्हणाला, "न्हाय हो साहेब, तशी न्हाय माजी पोरगी."

सांगोल्याकडची माणसं. मेंढरं सोडून इथे आली ती पोरीच्या शाळेसाठी. काम गेलं की जिन्याखालची खोलीही गेली, शाळाही गेली.

दोनदा शकुंतलाबाईंच्या दारात गेले. पहिल्यांदा बेल न वाजवता परतले. दुसऱ्यांदा वाजवली. त्यांनी दार उघडलं. मी म्हणाले, "जरा विरजण मिळेल का?"

घरात दही भरून ठेवलंय. आता दोन वाट्या.

९ मे, शुक्रवार

संध्याकाळी सिद्धेश्वरने सगळ्यांना खाली बोलावलं. जोतिराम पूनमचा दंड धरून उभा. पोरीचे डोळे सुजलेले. केराबाई लांब, मीटरच्या पेटीपाशी.

"दे," जोतिराम म्हणाला.

पूनमने फ्रॉकच्या खिशातून कागदाची पुडी काढली, सोडली. आत अंजिरी आप्पा.

मी भिंत धरली.

"म्याच घेतला हुता," पूनम म्हणाली. फरशीकडे बघून. "चूक झाली."

उर्वीने झडप घातली. उलटसुलट केला. "हाच माझा!" अथर्व म्हणाला, "तांदूळ खोटं बोलत नाही!" शकुंतलाबाईंनी हात जोडून कपाळाला लावले. सिद्धेश्वर म्हणाला, "कबूल केलं ना, बस. या वेळी सोडून देतो." जोतिराम वाकून म्हणाला, "पोर चुकली साहेब, पदरात घ्या."

हा उर्वीचा नव्हे. उर्वीचा माझ्या कपाटात आहे. खाली जायच्या आधीच बघितला होता.

हा पूनमने केलाय. उरलेले तुकडे मीच तिला दिले होते, "घरी खेळ" म्हणून. आप्पेपात्र माझ्याकडे. मग कशात केला? पळीत केला असेल, वरणाच्या पळीत, चुलीवर. बोटाला फोड आलेली दिसली. आणि रंग! जांभळा किती, लाल किती, विटकरी किती – शीरसुद्धा त्याच जागी. एकदाच बघितला होता तिने.

बापाचं काम वाचावं म्हणून न केलेली चोरी पोरीने केली. जे परत करायचं ते स्वतः घडवून आणलं. आणि मी? मी भिंत धरून उभी होते. सगळे पांगताना शकुंतलाबाई म्हणाल्या, "मास्तरीणबाई, पांढऱ्याफटक पडलात की! चक्कर आली का?" मी म्हणाले, "ऊन लागलं."

केराबाईने मात्र माझ्याकडे बघितलं. सरळ. मी मान खाली घातली.

१० मे

कुरडया आत घ्यायला गेलेच नाही. कावळ्यांनी नेल्या. बरं झालं.

११ मे, रविवार

सांगितलं. आज सांगितलं! आणि काय झालं ते लिहिते, कारण माझाच विश्वास बसत नाही.

ठरल्याप्रमाणे संध्याकाळी गच्चीवर सतरंजी टाकली. मुलं, आया, शकुंतलाबाई, सिद्धेश्वर, सगळे आले. फक्त पूनम नाही. उर्वी आपला आप्पा हातात घेऊन बसलेली. मी उभी राहिले. रुमाल सोडला. खरा आप्पा सतरंजीवर ठेवला.

म्हणाले, "हा उर्वीचा. मी घेतला होता. दोन तारखेला, दुपारी. पूनमने घेतलेला नाही. मी चोरला."

मला वाटलं, आता फुटेल. आता कुणीतरी बोलेल, शिवी देईल, थू म्हणेल. वाट बघितली.

शकुंतलाबाई उठल्या. माझ्याजवळ आल्या. माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "किती हो मन मोठं तुमचं!"

मी म्हणाले, "अहो, मन मोठं नाही. मी चोरला."

"कळतंय आम्हाला. त्या पोरीला वाचवायला तुम्ही नवीन केलात. घरी बसून केलात ना? अगदी हुबेहूब!" त्यांनी आप्पा उचलून सगळ्यांना दाखवला. "बघा रे, आजीने पूनमसाठी केलाय."

"मी नाही केला! पूनमने केलाय तो दुसरा. हा खरा!"

सिद्धेश्वर समजुतीने म्हणाला, "काकू, अहो, आम्ही जोतिरामला काढत नाही आहोत. पोर लहान आहे, सोडून दिलं आम्ही. तुम्ही कशाला स्वतःवर घेताय?"

उर्वीने दोन्ही आप्पे दोन हातांत धरले. इकडचा बघितला, तिकडचा बघितला. तिलाही ओळखता येईना. मग म्हणाली, "दोन्ही माझेच!"

पिशवीत कॅलेंडरचं पान होतं, तेच पुरावा म्हणून आणलं होतं. काढलं. "हे बघा, ह्या आप्प्याने मी हे काढलं. त्याच दिवशी."

शकुंतलाबाईंनी चष्मा लावला. "अगं बाई, गोड आहे! अथर्वने काढलं का? काय आहे हे, भोपळा?"

"तांब्या. मी काढला."

हसले सगळे. प्रेमाने हसले! अथर्व म्हणाला, "आजी, तांब्याला असं पोट नसतं." मला रडू आलं. ते बघून दोघीतिघींनी डोळे पुसले. कुणीतरी म्हणालं, "मास्तरांसारखंच मन." मला सतरंजीवर बसवलं, चहा दिला. साखर जास्त घातलेला.

गप्प बसले तेव्हा कुणी माझ्याकडे बोट दाखवलं नाही. बोलले, तर कुणाला पटेना. वॉचमनची पोर चोर असू शकते. मास्तरांची विधवा असू शकत नाही. पूनमनेही हे असंच ओळखलं असेल – तिने "न्हाय" म्हटलेलं कुणाला पटणार नाही, "व्हय" लगेच पटेल.

तो चहा मी पूर्ण प्यायले. तेही लिहून ठेवते.

१२ मे, सोमवार

जिन्याखालच्या खोलीत गेले. केराबाई भाकरी थापत होती. बस म्हणाली नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. काही न गाळता, ह्यांना मध्ये न आणता. तिने ऐकून घेतलं. तव्यावरची भाकरी करपली तरी उलटली नाही. मग एवढंच म्हणाली, "वरच्या समद्यांच्या दारात जावा. एकेकाच्या. पटंस्तवर सांगा." जाणार आहे. उद्यापासून.

पूनम कोपऱ्यात बसलेली. तिच्यापुढे खाली बसले. म्हणाले, "तुझा तांदूळ कोरडा आला तो माझ्यामुळे."

ती म्हणाली, "न्हाय. माज्यामुळंच." मग आईकडे बघून हळूच, "टाकी बगायला गेले तवा म्या पन त्यो घेनारच हुते. झाकन उगडलं तर जागा रिकामी. कुनी नेला त्येच कळंना. तुमी व्हय!"

आणि खुदकन हसली. मला हसता आलं नाही.

मग एकदम गंभीर होऊन तिने विचारलं, "आजी, म्या तुमच्या आदी गेले असते, अन् तुमी बगितलं असतं, तर तुमी मला धरून दिलं असतं का वो?"

"नाही" म्हणायला तोंड उघडलं. आणि म्हणाले, "हो."